नाव सीबीटीचे, काम कशाचे? पॅनिक अटॅकच्या एका रुग्णाचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील गृहस्थ 41 वर्षांचे असून एका विमा कंपनीच्या लेखापरीक्षण विभागात अधिकारी आहेत. मानसोपचारासाठी ते दुसऱ्यांदा आले तेव्हा नोंदणीच्या अर्जातील 'यापूर्वी घेतलेले उपचार' या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'सीबीटी, आठ महिने. उपयोग झाला नाही.' सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत. त्यांच्यावर पुढे ज्या थेरपिस्टनी उपचार केले, त्यांचा पर्यवेक्षक या नात्याने मी सत्रांच्या नोंदी वाचत होतो आणि रुग्णाच्या लेखी संमतीने काही सत्रांचे ध्वनिमुद्रणही ऐकत होतो. या लेखाचा बराचसा भाग त्या एका ओळीभोवती फिरतो, कारण ती प्रामाणिकपणे लिहिलेली असूनही वस्तुस्थितीला धरून नव्हती, आणि असाच समज करून घेऊन अनेक रुग्ण एका परिणामकारक उपचाराचा नाद कायमचा सोडतात. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि कौटुंबिक तपशील बदललेले आहेत.

तक्रारीचा इतिहास

पहिला झटका कार्यालयाच्या लिफ्टमध्ये आला. लिफ्ट भरलेली होती, दोन मजल्यांच्या मध्ये ती क्षणभर अडखळली, आणि या गृहस्थांच्या छातीत धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या आल्या, श्वास अपुरा पडू लागला, घाम फुटला आणि 'आपण आता इथेच कोसळणार' असे त्यांना अगदी निश्चित वाटले. सहकाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेले. तिथे ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या सामान्य आल्या. पुढच्या महिन्याभरात असे आणखी तीन झटके आल्यावर त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांकडून इकोकार्डिओग्राम करून घेतला, थायरॉइडची तपासणी करून घेतली, आणि कुठेच काही सापडले नाही तेव्हा डॉक्टरांनी 'हा पॅनिक डिसऑर्डर आहे, मानसोपचार घ्या' असा सल्ला दिला. हा क्रम योग्यच होता. थायरॉइडचा अतिरेक, हृदयाच्या ठोक्यांतील काही अनियमितता, काही औषधे, अती कॉफी किंवा दारू सोडल्यानंतरचे दिवस यांत हुबेहूब अशीच लक्षणे दिसू शकतात, आणि ती शक्यता आधी निकालात काढल्याशिवाय मनाच्या उपचाराला हात घालू नये.

झटके स्वतः फार काळ टिकत नसत. पॅनिक अटॅक साधारणपणे काही मिनिटांतच टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. या गृहस्थांचे आयुष्य खरे बदलले ते दोन झटक्यांच्या मधल्या काळात. लिफ्ट बंद झाली, मग मेट्रो, मग मोठ्या बैठका. चित्रपटगृहात गेलेच तर दाराजवळची खुर्ची. शर्टाच्या खिशात गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची पट्टी, जी डॉक्टरांनी 'फारच वाटले तर' म्हणून दिली होती आणि त्यांनी आजवर जेमतेम तीनदा घेतली होती. हातात पाण्याची बाटली, आणि मनगटावर नाडीचे ठोके दाखवणारे घड्याळ, ज्याकडे ते तासातून कित्येकदा नजर टाकत. कार्यालय आठव्या मजल्यावर होते आणि ते रोज जिन्याने जात. सहकाऱ्यांना ते व्यायामाचे कारण सांगत. पत्नी सोडून कोणालाही या गोष्टीचा पत्ता नव्हता.

पहिले आठ महिने

पहिल्या थेरपिस्टविषयी माझ्याकडे जी माहिती आहे ती रुग्णाच्या सांगण्यावरून आलेली आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या माहितीपत्रकावर सीबीटीचा उल्लेख ठळकपणे होता. सत्रांमध्ये काय घडत असे, हे मात्र या गृहस्थांनी बारकाईने सांगितले. सुरुवातीला 'हा आठवडा कसा गेला?' असा प्रश्न असे. मग ते बोलत, त्या शांतपणे ऐकून घेत. शेवटची दहा मिनिटे डोळे मिटून सावकाश श्वास घेण्याचा सराव होई, आणि 'मी सुरक्षित आहे, मी समर्थ आहे' अशी वाक्ये रोज सकाळी म्हणायला सांगितलेली असत. मधल्या काही आठवड्यांत बालपणाविषयी आणि वडिलांच्या मृत्यूविषयी बरेच बोलणे झाले. या थेरपिस्ट अत्यंत प्रेमळ होत्या. सत्र संपवून बाहेर पडताना या गृहस्थांना हलके वाटे आणि ते हलकेपण दोन दिवस टिके.

आठ महिन्यांच्या अखेरीस ते किती वेळा लिफ्टमध्ये बसले होते? एकदाही नाही. तसे करून पाहा, असे कोणी सुचवलेही नव्हते. तक्रारीची तीव्रता कोणत्याही प्रश्नावलीवर मोजली गेली नव्हती. झटका कसा तयार होतो याचे कोणतेही चित्र दोघांनी मिळून मांडले नव्हते, आणि दोन सत्रांच्या मधल्या काळात करायचे असे ठरावीक काम दिले जात नव्हते. याला आधार देणारे समुपदेशन म्हणता येईल. त्याचे स्वतःचे मोल आहे, आणि एखाद्या शोकग्रस्त माणसाला तेच हवे असते. पण त्याला सीबीटी म्हणता येत नाही. ज्या उपचाराचा एकही घटक मिळाला नाही, तो उपचार निष्फळ ठरला असा शिक्का मात्र नोंदणीच्या अर्जावर बसला.

ही पद्धत मुळात काय करते

1960च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ एरन बेक मनोविश्लेषणाच्या चौकटीत नैराश्याच्या रुग्णांवर काम करत होते. रुग्णांच्या बोलण्याच्या ओघाबरोबर आणखी एक प्रवाह वाहत असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. हे विचार क्षणार्धात येऊन जातात, ते बहुधा स्वतःला, जगाला किंवा भविष्याला कमी लेखणारे असतात, आणि माणूस ते तपासून न पाहता खरे धरून चालतो. बेक यांनी त्यांना स्वयंचलित विचार म्हटले. त्याच्या काही वर्षे आधी, 1950च्या दशकाच्या मध्यावर, अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचाराची मांडणी केली होती. दुसरीकडे भीतीवर थेट काम करणारे वर्तनोपचार स्वतंत्रपणे वाढत होते. हे प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले आणि आज ज्याला सीबीटी म्हणतात तो उपचार आकाराला आला.

सकारात्मक विचार करायला शिकवणे म्हणजे सीबीटी, हा समज इतका पसरलेला आहे की चांगले शिकलेले लोकही तो धरून बसतात. प्रत्यक्षात या पद्धतीत विचाराकडे एक अंदाज म्हणून पाहिले जाते, आणि अंदाज खरा की खोटा हे अनुभवाने तपासून ठरवले जाते. तपासणीत तो खरा निघाला तर तोही स्वीकारला जातो, आणि मग समस्या सोडवण्याकडे मोर्चा वळतो. 'मी समर्थ आहे' असे शंभर वेळा म्हटल्याने कोणतीही तपासणी होत नाही.

पॅनिक अटॅकच्या बाबतीत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली मांडलेले प्रतिमान आजही उपचाराच्या मुळाशी आहे. शरीरात एखादी साधी संवेदना निर्माण होते, उदाहरणार्थ जिना चढल्याने वाढलेली धडधड. माणूस तिचा अर्थ 'हा हृदयविकाराचा झटका आहे' असा लावतो. त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड हाच त्या अर्थाचा पुरावा ठरतो. भीतीने श्वास जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, आणि त्यातून चक्कर, मुंग्या व भोवतालचे सारे अवास्तव वाटणे ही लक्षणे निर्माण होतात. ती त्रासदायक असतात, पण धोकादायक नसतात. शुद्ध हरपण्यासाठी रक्तदाब एकाएकी खाली यावा लागतो, तर भीतीच्या झटक्यात तो सहसा वर जातो. त्यामुळे 'मी कोसळेन' ही भीती जितकी प्रबळ असते, तितकी ती प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता नसते. रक्त किंवा इंजेक्शन पाहून भोवळ येणाऱ्यांचे प्रकरण मात्र वेगळे असते, आणि त्यांच्यावरचे उपचारही वेगळे असतात.

मग शेकडो वेळा झटका येऊनही माणूस एकदाही कोसळत नाही, तरी त्याची भीती कमी का होत नाही? याचे उत्तर बचावाच्या सवयींत सापडते. प्रत्येक वेळी तो खुर्चीला घट्ट धरतो, पाणी पितो, खिशातली गोळी चाचपतो, आणि नंतर मनाशी म्हणतो, 'गोळी जवळ होती म्हणून वाचलो.' भीती खोटी ठरण्याची संधी दर वेळी हुकते. उपचारात जे काही कष्टाचे आहे, ते या एका गाठीपाशी आहे.

थेरपिस्टची निवड

पहिले उपचार थांबवल्यावर जवळपास वर्षभर या गृहस्थांनी काहीच केले नाही. मग बढतीमुळे दुसऱ्या इमारतीत, विसाव्या मजल्यावर बसण्याची वेळ आली, आणि पत्नीच्या आग्रहावरून त्यांनी पुन्हा शोध सुरू केला. या खेपेस त्यांनी आपल्या व्यवसायाला साजेसे वर्तन केले. ज्यांच्याकडे जाता येईल अशा तीन ठिकाणी त्यांनी आधी फोन केला आणि तिघांना तेच प्रश्न विचारले. पॅनिकच्या रुग्णांवर तुम्ही नेमके काय करता? साधारण किती सत्रे लागतात? सुधारणा होते आहे की नाही, हे कसे ठरवता? झाली नाही तर काय करता?

पहिल्या ठिकाणी उत्तर मिळाले की प्रत्येक माणूस वेगळा असतो, आमची पद्धत सर्वसमावेशक आहे, तुम्ही या, मग पाहू. हे उत्तर खोटे नव्हते, पण त्यात पकडण्यासारखे काहीच नव्हते. दुसऱ्या ठिकाणी पाच सत्रांत शंभर टक्के गुण येण्याची हमी मिळाली. मानसोपचारात हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, इतके या गृहस्थांनाही कळत होते. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी उत्तराआधी उलट दोन प्रश्न विचारले: 'झटका येतो तेव्हा नेमकं काय होईल अशी भीती वाटते?' आणि 'ते होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करता?' मग त्यांनी सांगितले की साधारण 12 ते 15 सत्रे लागतील, दर आठवड्याला एक छोटी प्रश्नावली भरावी लागेल, झटक्यातली लक्षणे त्यांच्या खोलीतच मुद्दाम निर्माण करून पाहावी लागतील, लिफ्टमध्ये त्या स्वतः बरोबर येतील, आणि सहा सत्रांनंतरही आकडे हलले नाहीत तर दोघांनी बसून योजना बदलायची किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायचे.

या गृहस्थांना त्या बाई आवडल्या नाहीत. 'कोरड्या वाटल्या,' असे त्यांनी पत्नीला सांगितले. तरीही ते तिथे गेले, कारण त्यांच्या प्रश्नांना उत्तरे फक्त तिथेच मिळाली होती.

पदवी आणि नोंदणी ही निवडीची पहिली चाळणी आहे आणि ती वगळू नये. मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ म्हणवून घेण्यावर अनेक देशांत कायद्याचे बंधन असते, तर थेरपिस्ट किंवा समुपदेशक ही पाटी बऱ्याच ठिकाणी कोणीही लावू शकतो. म्हणून आपल्या देशातील अधिकृत नोंदवहीत नाव आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. औषधे लिहून देण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांना असतो, मानसशास्त्रज्ञांना नसतो, हेही ध्यानात ठेवावे. पण नोंदणीवरून तो माणूस सीबीटी करतो का, हे कळत नाही. त्यासाठी या पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण कुठे घेतले, आणि ते घेताना कोणा अनुभवी व्यक्तीने त्यांचे प्रत्यक्ष काम पाहिले होते का, असे विचारावे लागते. दोन दिवसांची कार्यशाळा आणि वर्षभराचे पर्यवेक्षित काम या दोहोंची प्रमाणपत्रे भिंतीवर सारखीच दिसतात.

याहून खात्रीची कसोटी सत्राच्या आतच मिळते. प्रशिक्षणार्थी थेरपिस्टचे काम तपासण्यासाठी बेक आणि जेफ्री यंग यांनी 1980 साली 11 बाबींची एक गुणपट्टिका तयार केली होती. सत्राच्या आरंभी आजचे विषय दोघांनी मिळून ठरवले का, रुग्णाला मध्ये व शेवटी 'हे पटते आहे का?' असे विचारले का, वेळ नेमकेपणाने वापरला का, उपदेश करण्याऐवजी प्रश्न विचारत रुग्णाला स्वतः निष्कर्षापर्यंत येऊ दिले का, गेल्या खेपेचा गृहपाठ पाहिला का आणि नवा दिला का, अशा बाबींना त्यात गुण दिले जातात. माझ्या मते यातील निम्म्या गोष्टी कोणताही रुग्ण पहिल्या तीन सत्रांत स्वतः पाहू शकतो. त्यासाठी मानसशास्त्राचे ज्ञान लागत नाही. गृहपाठ एकदाही दिला गेला नाही, किंवा दिला आणि पुढच्या वेळी कोणी विचारलाच नाही, तर विचारणा करायला हरकत नाही.

उपचाराचा क्रम

पहिल्या दोन सत्रांत सविस्तर मूल्यमापन झाले. नैराश्य किती आहे, दारूचे प्रमाण काय, आत्महत्येचे विचार येतात का, मनःस्थिती कधी असामान्यपणे चढी राहिली होती का, हे सारे विचारले गेले. यांतील एखाद्या प्रश्नाला गंभीर होकार आला असता, तर क्रम बदलला असता. आत्महत्येचा धोका, तीव्र उन्माद, भ्रम किंवा दारूचे व्यसन असताना आधी त्यावर उपचार करावे लागतात, आणि लिफ्टचा विषय नंतर येतो. पॅनिकची तीव्रता मोजणाऱ्या सात प्रश्नांच्या श्रेणीवर 28 पैकी 18 गुण आले. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची सर्वपरिचित श्रेणी वापरली, तिच्यावर 27 पैकी 11 आले, म्हणजे मध्यम. मग थेरपिस्टनी कोरा कागद मध्ये ठेवला आणि लिफ्टमधल्या त्या पहिल्या झटक्याचे चक्र या गृहस्थांच्याच शब्दांत, त्यांच्याच हाताने काढून घेतले. 'हे सगळं एकाच गोष्टीचं आहे, हे मला आठ महिन्यांत कधी दिसलं नव्हतं,' असे ते म्हणाल्याची नोंद आहे.

तिसऱ्या सत्राचे ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. थेरपिस्टनी त्यांना एक मिनिट मुद्दाम जलद व खोल श्वास घ्यायला सांगितले. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असताना हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करत नाहीत. इथे हृदयाची तपासणी आधीच झालेली होती. चाळिसाव्या सेकंदाला या गृहस्थांचा आवाज बदलला.

'आता काय होईल असं वाटतंय?'

'चक्कर येऊन पडेन.'

'किती टक्के खात्री वाटते?'

'ऐंशी.'

'हात कुठे आहेत तुमचे?'

थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग ते म्हणाले, 'खुर्चीला धरलंय, मॅडम.'

'सोडून पाहाल का? आणि उभे राहा. जमलं तर एका पायावर.'

ते उभे राहिले आणि पडले नाहीत. दुसऱ्या खेपेस टक्केवारी 50 झाली, चौथ्या खेपेस 15. विशेष म्हणजे त्या सत्रात 'घाबरू नका, काही होणार नाही' हे वाक्य थेरपिस्टनी एकदाही उच्चारले नाही. तो दिलासा त्यांनी दिला असता, तर 'मॅडम समोर होत्या म्हणून वाचलो' एवढेच ते शिकले असते.

चौथ्या सत्रापासून लिफ्टला सुरुवात झाली. आधी दोघे मिळून दोन मजले, मग ते एकटे, मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक फेरीआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहायचा आणि फेरीनंतर काय झाले ते शेजारच्या रकान्यात लिहायचे, असा गृहपाठ होता. सातव्या आठवड्यापर्यंत फेऱ्या भरपूर झाल्या होत्या, पण गुण 18 वरून 14 वर येऊन थांबले होते आणि नेहमीच्या अंदाजात 60 टक्के भीती तशीच टिकून होती. थेरपिस्टनी हे पर्यवेक्षणात मांडले तेव्हा आम्ही वहीच पुन्हा वाचली. 'काय झाले' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ठोके 96, ठीक' किंवा 'ठोके 104, मग कमी झाले' असे लिहिलेले होते. लिफ्टमधली प्रत्येक फेरी घड्याळाकडे पाहत पार पडत होती, आणि खिशात गोळ्यांची पट्टी होतीच. भीतीचा सामना होत होता, पण बचावाची साधने सोबत घेऊन.

पुढच्या सत्रात हे त्यांच्यासमोर ठेवताना थेरपिस्टनी जरा घाई केली, असे माझे मत आहे. घड्याळ आणि गोळ्या दोन्ही त्याच आठवड्यात घरी ठेवण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. सत्राच्या अखेरीस, नेहमीप्रमाणे 'आज काय पटलं नाही?' असे विचारल्यावर या गृहस्थांनी स्पष्ट सांगितले, 'तुम्ही मला ढकलताय असं वाटलं.' थेरपिस्टनी ते मान्य केले आणि क्रम बदलला. आधी फक्त घड्याळ काढायचे, पट्टी राहू द्यायची, आणि दोन आठवड्यांनी पट्टी घरी ठेवायची. गोळ्या ते जवळजवळ घेतच नव्हते म्हणून हे शक्य होते, आणि तेही औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवून केले. जे रुग्ण अशा गोळ्या महिनोन्‌महिने रोज घेतात, त्यांनी त्या स्वतःहून एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. नैराश्य व चिंतेवरची नियमित औषधे पॅनिकमध्ये गुणकारी आहेत आणि अनेकांना ती सीबीटीसोबत दिली जातात. या गृहस्थांना तो पर्याय समजावून सांगितला होता. त्यांनी आधी औषधाविना प्रयत्न करण्याचे ठरवले.

'तुम्ही मला ढकलताय' हे वाक्य मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 साली उपचारातील नात्याचे तीन घटक सांगितले: परस्परांतील जिव्हाळा, ध्येयाविषयी एकमत, आणि ते गाठण्यासाठी करावयाच्या कामांविषयी एकमत. पहिल्या थेरपिस्टकडे जिव्हाळा भरपूर होता. तो इतका होता की 'मला बरे वाटत नाही' हे सांगणे या गृहस्थांना कृतघ्नपणाचे वाटे, आणि आठ महिन्यांत त्यांनी ते सांगितले नाही. ध्येय काय आणि त्यासाठी काय करायचे, याविषयी तिथे बोलणेच झाले नव्हते. दुसरीकडे जिव्हाळा उशिरा आला, पण बाकीचे दोन घटक पहिल्या आठवड्यापासून कागदावर होते, आणि न पटलेले सांगायला दर सत्रात जागा राखून ठेवलेली होती. थेरपिस्टशी सूर जुळला पाहिजे हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बरोबरही आहे. मात्र सूर जुळणे म्हणजे केवळ बोलून बरे वाटणे असे समजले गेले, तर त्या सल्ल्याने माणूस चुकीच्या खोलीत वर्षभर सुखाने बसून राहू शकतो. अर्थात कोरडेपणा हा काही गुण नव्हे. जो थेरपिस्ट ऐकून घेत नाही, हिणवतो किंवा मर्यादा ओलांडतो, त्याच्याकडे पद्धत कितीही शुद्ध असली तरी थांबू नये.

घड्याळ काढल्यानंतरच्या आठवड्यात भीती आधी वाढली. ही वाढ अपेक्षित होती आणि तशी कल्पना त्यांना दिलेली होती. त्याच सुमारास वहीत एक नवा विचार आला: 'बाबांनाही आधी काही कळलं नव्हतं.' त्यांचे वडील 52 व्या वर्षी हृदयविकाराने अचानक गेले होते. पहिल्या थेरपिस्टकडे या विषयावर झालेले बोलणे इथे उपयोगी पडले. त्या शोकाविषयी ते आता न अडखळता बोलू शकत होते, आणि म्हणून 'आमच्या घरात हृदय असेच दगा देते' या समजुतीपर्यंत पोहोचायला एकच सत्र लागले. ती समजूत सर्वस्वी निराधार नव्हती. वडिलांना कमी वयात हृदयविकार होणे ही खरोखरच जोखमीची बाब आहे. त्यामुळे तिच्याशी वाद न घालता दोन प्रश्न वेगळे केले गेले. दीर्घकालीन जोखमीसाठी काय करायचे, याचे उत्तर हृदयरोगतज्ज्ञांनी दिले: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, चालणे, वर्षाकाठी एक तपासणी. आत्ता लिफ्टमध्ये होणारी धडधड त्या जोखमीचा पुरावा आहे का, याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या वहीत आता पानोपानी लिहिलेले होते.

दहाव्या सत्रात पॅनिकचे गुण 9 झाले, तेराव्या व शेवटच्या सत्रात 4. नैराश्याचे गुण 11 वरून 3 वर आले, त्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही.

शेवट आणि पाठपुरावा

अखेरची दोन सत्रे पुढच्या काळाच्या तयारीसाठी राखून ठेवली होती. या गृहस्थांनी स्वतःच्या अक्षरात एक पान लिहिले: झटका पुन्हा येईल, येणे म्हणजे उपचार वाया गेले असे नाही. आला तर त्या दिवशी काय टाळले ते लिहून ठेवायचे. टाळलेली गोष्ट आठवड्याच्या आत एकदा, काहीही हातात न घेता करायची. दोन आठवडे टाळाटाळ चालू राहिली तर फोन करायचा.

चौथ्या महिन्यात विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांना एक झटका आला. ते रांगेतून बाहेर पडले नाहीत. सहा महिन्यांच्या पाठपुराव्याच्या भेटीत गुण 5 होते, लिफ्टचा वापर रोजचा होता, आणि नाडीचे घड्याळ त्यांनी पुन्हा वापरायला घेतले होते, मात्र ठोके दाखवण्याची सोय बंद ठेवून. मेट्रोच्या गर्दीत त्यांना अजूनही अस्वस्थ वाटते आणि शक्य असेल तेव्हा ते एक गाडी सोडून पुढची पकडतात. यावर आणखी काम करायचे का, असे थेरपिस्टनी विचारले. त्यांनी थोडा विचार करून नको म्हटले, कारण त्या गर्दीत त्यांच्या माहितीतल्या कोणालाच बरे वाटत नाही. थेरपिस्टनी तेवढे उत्तर पुरेसे मानून फाइल बंद केली, आणि 'यापूर्वी घेतलेले उपचार' या रकान्यातील सीबीटी हा शब्द त्यांच्या संमतीने खोडून तिथे आधारात्मक समुपदेशन अशी दुरुस्ती केली.